समोरच्याचं म्हणणं

ओमप्रकाशजींच्या वखारीत चहावर लाकडाचा भुसा दिसायला चार मिनिटं लागतात. शेजारची आरा मशीन चालू असेल तर अडीच. त्यामुळे आमच्या शनिवारच्या मंडळात चहा आधी, चर्चा नंतर.

लकडगंजमधल्या या वखारीत आम्ही चौदा वर्षं जमतो आहोत. कधी नाटक, कधी कविता. त्या दिवशी विषय होता, सकाळचा राग संध्याकाळी गायला तर बिघडतं काय. नियम एकच, तोही सातवीपर्यंत शिकलेल्या ओमप्रकाशजींनी घातलेला. आपलं मत मांडण्याआधी समोरच्याचं म्हणणं सांगायचं, आणि त्यानं 'बरोबर' म्हटल्यावरच पुढे जायचं.

"मेघाताईचं म्हणणं," मारोतराव म्हणाले, "का माणसाचे कान सकाळी वेगळे अन् संध्याकाळी वेगळे राह्यतात."

"कान नाही हो, मन!" मेघा म्हणाली. "तुमचे कान तर दिवसभर सारखेच बंद."

आम्ही हसत असतानाच दुर्गेश आला. ओमप्रकाशजींचा एकुलता एक मुलगा, चाळिशी उलटलेला, एकटा. शहराबाहेर मिहानमधल्या एका कंपनीत नोकरी, तिथेच जवळ फ्लॅट. वडिलांनी तिकडे राहायला यावं असं तो तीन वर्षं म्हणत होता आणि ओमप्रकाशजी तीन वर्षं "पाहू" म्हणत होते. वखारीवरची खोली आणि खालचे शनिवार त्यांना सोडवत नव्हते.

"बाबूजी, आज सांगूनच टाका. हो का नाही?"

"लोकं बसून राहिले ना गा."

"बसू द्या. त्यांच्यासमोरच सांगा."

मारोतरावांनी चष्मा काढला. "मंग नियमानं होऊ द्या, ओमप्रकाशजी. आधी पोराचं म्हणणं."

ओमप्रकाशजी सरळ बसले. "तुले वाटते का मी म्हातारा झालो. जिन्यावरून पडीन."

"नाही."

"मंग वखार विकाची आहे तुले."

"नाही, बाबूजी. वखार राहू द्या."

ओमप्रकाशजी दुसऱ्याचं म्हणणं इतकं नेमकं सांगायचे, की बोलणाऱ्यालाच ते नव्याने कळायचं. लागोपाठ दोनदा चुकलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. ते मुलाकडे बघत राहिले.

"तू जेवतो कुठी?"

"डबा येते."

"कोणासंगं जेवतो?"

दुर्गेश हातातली गाडीची किल्ली उलटसुलट करत राहिला.

"घरी गेल्यावर तुह्याशी बोलाले कोणी नाही," ओमप्रकाशजी हळू म्हणाले. "म्हणजे मले तुह्यी नाही, तुलेच माह्यी गरज आहे. असंच ना?"

"बरोबर." दुर्गेशचा आवाज जेमतेम ऐकू आला.

आता ओमप्रकाशजींनी आपलं मत मांडायचं होतं. त्यांची तीन वर्षांची तयारी होती. दोन-चार मुद्दे तर मलाही पाठ होते. त्यांनी एकही मांडला नाही.

"येतो मी," ते म्हणाले. "उद्याच नेजो."