बारा मजले, पावणेतीन सेकंद

इमारत पाडायला तिला चार महिने लागले. सुरुंग लावून पाडली असती, तर दहा सेकंदांत जमीनदोस्त झाली असती. पण ही इमारत सिनेमातली होती, आणि तिच्याकडे कोसळण्याच्या आवाजाचं काम होतं.

भौतिकशास्त्राची पदवी घेऊन ती या ध्वनिमिश्रणाच्या स्टुडिओत आली, तेव्हा पहिल्याच आठवड्यात सगळ्यांनी तिचं नाव ठेवून टाकलं: डेसिबल. कुणी "आवाज जरा वाढव" म्हणालं, की ती विचारायची, "जरा म्हणजे किती?"

सिनेमातला नायक कितीही वजन पेलू शकणारा होता. शेवटी एक बारा मजली इमारत कोसळू लागते आणि तळमजल्याचं छत तो दोन हातांवर तोलून धरतो. लोक बाहेर पळतात. त्याची धाकटी बहीण मात्र, जिच्या अंगात कसलीच शक्ती नाही, उलट आत येते, त्याच्या शेजारी उभी राहून छताला हात लावते आणि म्हणते, "दादा, थोडं माझ्यावर टाक."

दिग्दर्शक म्हणायचा, हा सगळा खटाटोप या चार शब्दांसाठी आहे. आणि त्याच दमात म्हणायचा, की इमारत अशी पडली पाहिजे की मागच्या रांगेतल्या खुर्च्यांचे स्क्रू ढिले झाले पाहिजेत.

डेसिबलने स्क्रू ढिले करायचं मनावर घेतलं. तिने पाण्याची रिकामी टाकी उतारावरून गडगडवली, गंजलेली शटरं ओढली, आणि या सगळ्याच्या तळाशी चौपट संथ केलेलं बाबांचं घोरणं घातलं. बाबा निवृत्त बसचालक. त्यांच्या घोरण्याने शेजारी भिंत ठोकत. संथ केल्यावर मात्र तेच घोरणं असं उतरलं, की जणू डोंगर कूस बदलतोय. अख्ख्या कोसळण्यातला तो तिचा सगळ्यात लाडका तुकडा. "मला सिनेमात घेतलंय," हे बाबांनी सोसायटीतल्या चोवीसपैकी एकवीस घरांना सांगून झालं होतं. उरलेली तीन बंद होती.

मिश्रण दुसऱ्या दिवशी सकाळी सोपवायचं होतं. दुपारी शेवटची फेरी ऐकून झाली. मिश्रणाच्या टेबलाशी बाई होत्या. या टेबलाशी त्यांची तीस वर्षं गेली होती.

"वाक्य ऐकू येतंय?" बाईंनी विचारलं.

"स्वच्छ," दिग्दर्शक म्हणाला.

"मलाही," डेसिबल म्हणाली.

तेवढ्यात आई आली. पलीकडच्या गल्लीत दाताच्या डॉक्टरकडे तिचं काम होतं, आणि बाबा चार वाजता न्यायला येणार होते. मधला वेळ काढायला ती लेकीकडे डोकावली. आईने टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं काढली होती. खरखरत्या लाइनवर पलीकडच्या बाईला सर्दी झालीय, हे तिला "हॅलो"वरून कळायचं.

"बसा काकू," दिग्दर्शक खुशीत होता. "पहिला प्रेक्षक तुम्हीच."

आई पर्स पोटाशी धरून मागे बसली. इमारत पडली. दिवे लागले.

"काय पडली गं," आई म्हणाली. मग लेकीच्या कानाशी, "आणि मधे आपले बाबा होते ना? तो खर्र... मी बरोबर ओळखला."

डेसिबलच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

"आणि बहीण कशी वाटली?" दिग्दर्शकाने विचारलं.

"बिचारी. किती घाबरली होती. मला आधी बाहेर काढ म्हणत असेल. शब्द काही कळले नाहीत."



दिग्दर्शकाने ते वाक्य लिहिलं होतं, बाईंनी आणि डेसिबलने ते तीनशे वेळा तरी ऐकलं होतं. त्या तिघांचे कान आता ऐकतच नव्हते. ओठ हलले की आठवण शब्द पुरवत होती. हे कसं घडतं, यावर डेसिबलने परीक्षेत पाच गुणांचं उत्तर लिहिलं होतं. तिने मीटरकडे पाहिलं. गडगडाट वाक्याच्या अठरा डेसिबल वर होता. आकडा रोज समोर होता, पण ऐकू येतंय म्हटल्यावर त्याच्याकडे बघतंय कोण? तीसुद्धा बघत नव्हती.

"वाक्य वाढवा," दिग्दर्शक म्हणाला.

बाईंनी वाढवलं. बहीण विमानतळावर सूचना देत असल्यासारखी वाटू लागली.

"मग इमारत कमी करा."

कमी केली. आता इमारत नव्हे, फळीवरून बिस्किटांचा डबा पडल्यासारखं वाटलं.

"माझ्यामुळे घोळ झाला का?" आईने विचारलं.

"घोळ आमचा," बाई म्हणाल्या. "तुम्ही फक्त दाखवलात."

दिग्दर्शकाने दोन येरझाऱ्या घातल्या. "राहू दे. वाक्य गेलं तर गेलं. तिचा चेहरा बोलतोच आहे की. लोक तिकीट काढतात ते इमारतीसाठी."

"चेहरा बोलतोय, 'वाचव'," बाई म्हणाल्या. "काकूंनी तेच वाचलं. नेमकं उलटं. मग ती पोर आत आली कशाला? पळाली असती बाहेर सगळ्यांबरोबर."

दिग्दर्शकाच्या येरझाऱ्या थांबल्या. त्यालाही ती पोर बाहेर पळायला नकोच होती.

डेसिबल पडद्याकडे बघत होती. वरचा भाग बाराव्या मजल्याशी तुटतो, कडाड. मग कॅमेरा खाली, बहिणीच्या चेहऱ्यावर. मग तो भाग जमिनीवर आदळतो. तिने कागदाच्या पाठीवर गणित मांडलं. बारा मजले, छत्तीस मीटर. पावणेतीन सेकंद. या पावणेतीन सेकंदांत ते धूड हवेत आहे. हवेतून पडणारं काँक्रीट गडगडत नाही. गडगडायला त्याने कशावर तरी आदळायला हवं. म्हणजे तिथे फारसा आवाज असायलाच नको होता. तिथे होतं ते बाबांचं घोरणं. तिनेच ठासून भरलेलं, कारण रिकामी जागा तिला बघवली नव्हती.

वाक्य दोन सेकंदांचं होतं.

हे अजून कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. ती बोलली नसती, तर मिश्रण सकाळी तसंच गेलं असतं, चार महिन्यांतला सगळ्यात चांगला तुकडा शाबूत राहिला असता, आणि बाबा एकवीस घरांना घेऊन थिएटरात गेले असते. तिने आईकडे पाहिलं. आई पडद्यावरच्या थिजलेल्या चेहऱ्याकडे बघत होती आणि स्वतःशीच ओठ हलवून पाहत होती, ती काय म्हणाली असेल याचा अदमास घेत.

"बाई," डेसिबल म्हणाली, "इथलं सगळं काढते. कडाड आणि आदळणं ठेवू, तेही आहे तेवढंच मोठं. मधे काही नको."

"मधे तुझा तो..."

"माहितीये."

काढायला अर्धं मिनिट लागलं. कापलेल्या आवाजाच्या कडा बुजवायला दीड तास.

आता ऐकायला कोण? आईला एव्हाना वाक्य पाठ झालं होतं. "तुमचेही कान आता आमच्यासारखेच," बाई म्हणाल्या, "कामातून गेले."

"हे येतीलच चारला," आई म्हणाली. "त्यांना कुणी काही सांगू नका."

बाबा आले ते इस्त्रीचा शर्ट घालून, हातात हेल्मेट. "फक्त ऐकायचं," असं आईने बजावल्यावर ते पहिल्या रांगेत मधोमध बसले आणि पुढे झुकले. स्वतःला ऐकायला आले होते ते. इतके टवकारलेले कान या खोलीत आजवर कुणी पाहिले नव्हते.

कडाड झालं. सगळं शांत झालं. बहिणीने हात वर केला, काहीतरी म्हणाली, आणि वरून आभाळ आदळलं. खुर्च्या हादरल्या.

दिवे लागले तरी बाबा पुढे झुकलेलेच होते.

"काय म्हणाली ती?" बाईंनी विचारलं.

"दादाला म्हणाली, थोडं माझ्यावर टाक." बाबा हेल्मेटची काच पुसत राहिले. "खुळी पोर. तिच्याच्याने काय पेलणार होतं? पण हात लावलाच." मग रुमाल नाकाशी नेत म्हणाले, "एसी फार आहे तुमच्याकडे."

दिग्दर्शक खुर्चीत मागे टेकला. आज पहिल्यांदाच.

"बाकी मी कुठे होतो गं?" बाबांनी लेकीला विचारलं. "माझं लक्षच नव्हतं."

"होतात बाबा. ती बोलते ना, तिथेच. आता काढलं."

बाबांनी जरा विचार केला. "म्हणजे मी असतो, तर तिचं ऐकू आलं नसतं?"

"नसतं."

"लग्न झाल्यापासून मी वेगळं काय सांगतेय?" आई म्हणाली.

"तू थांब जरा." बाबा लेकीकडे वळले. "तुझं आवडतं होतं ना ते?"

"सगळ्यात."

त्यांनी तिच्या डोक्यावर टपली मारली. मग पुन्हा पडद्याकडे तोंड करून बसले. "लाव परत. या खेपेला मी इमारत बघतो. तू एवढे महिने राबलीस, आणि मी पाहिलीच नाही नीट."

तिने लावलं. कडाड झालं, बारा मजले सुटले, आणि बाबा पुन्हा त्या पोरीकडेच बघत बसले.