जमिनीखालचं जाणणारा

आमच्या मंडळाचं वाटोळं एका वाक्याने केलं, आणि ते वाक्य मीच लिहिलेलं होतं.

सत्त्याण्णव साली आम्ही सात जणांनी ‘जुन्नर-आंबेगाव भूवैज्ञानिक मंडळ’ काढलं. नोंदणीसाठी घटना मराठीत हवी होती. माझा वर्गमित्र नौशाद जुन्नरला कॉलेजात भूशास्त्र शिकवायचा. तो म्हणाला, “अमृत, सरळ लिही. सभासदाला भूशास्त्राची पदवी हवी, विषय संपला.” मला ते रूक्ष वाटलं. मराठीचा पुळका नेमका तेव्हाच यायचा होता. मी लिहिलं, ‘भूवैज्ञानिक म्हणजे जमिनीखालचं जाणणारा. असा कोणीही मंडळाचा सभासद होऊ शकेल.’ नोंदणी कार्यालयातल्या बाईंनी भाषेचं कौतुक केलं, आणि मी दोन दिवस हवेत होतो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

दोन वर्षांनी कुशाबा नावाचा पाणाड्या नौशादकडे फॉर्म घेऊन आला. पाणाड्या तळहातावर नारळ आडवा धरून रानातून चालतो. नारळ उभा राहिला की खाली पाणी, असा त्यांचा हिशेब. कुशाबाने आमची घटना कोणाकडून तरी वाचून घेतली होती.

“जमिनीखालचं मी जाणतो,” तो म्हणाला. “नेमात बसतो का न्हाई, येवढंच सांगा.”

बसत होता. तोवर दोघे भूवैज्ञानिक नोकरीसाठी बाहेर गेले होते आणि सभा भरायला माणसं पुरत नव्हती, म्हणून आम्ही हसत हसत त्याला घेतलं. मग त्याचा मावसभाऊ आला, मग मावसभावाचे सोयरे आले. दोन हजार तीन उजाडेपर्यंत मंडळात एकतीस सभासद झाले. भूवैज्ञानिक पाच, पाणाडे सव्वीस. अध्यक्ष तेवढा आमचा होता. तोही त्या उन्हाळ्यात गुडघे धरून मुलाकडे पुण्याला राहायला गेला आणि खुर्ची रिकामी झाली.

खुर्चीची मला हाव नव्हती असं म्हणणार नाही. पण त्या वर्षी खरंच कारण होतं. माझी आत्या साळुबाई अवसरी बुद्रुकच्या एका वस्तीवर राहते. तिथल्या चाळीस घरांना पिण्याच्या पाण्याची एकच विहीर. शेजारच्या बागाईतदाराने विहिरीपासून दोनशे पावलांवर बोअर घ्यायचं ठरवलं. मी दोनदा पाणी शोधायचं मशीन लावून पाहिलं होतं, विहिरीत आणि बोअरमध्ये पाणी खडकातल्या एकाच भेगेतून येणार होतं. बोअर झाली की आठवड्यात विहीर कोरडी. कायद्यानेसुद्धा पिण्याच्या विहिरीजवळ बोअर घेता येत नाही. पण कायदा कागदावर असतो आणि बोअरची गाडी रानात.

मी तहसील कचेरीत गेलो. साहेब म्हणाले, “सरकारी भूवैज्ञानिक दिवाळीनंतर येतील. तोवर तुमच्या मंडळाच्या अध्यक्षाच्या सहीशिक्क्याचं पत्र आणा. लगेच थांबवतो. एकट्यादुकट्याचं पत्र चालत नाही.”

गाडी बुधवारी येणार होती. निवडणूक तिच्या आधीच्या रविवारी होती.

माझ्याविरुद्ध गेणभाऊ उभा होता. साठीचा, कमी बोलणारा पाणाड्या. आणि त्या बागाईतदाराला बोअरचा पॉइंट, म्हणजे खोदायची जागा, दिलेला होता तो याच गेणभाऊने! पाणाड्यांची एक रीत आहे. दिलेला पॉइंट मागे घ्यायचा नाही. घेतला तर नारळ पुन्हा हातावर उभा राहत नाही, असं ते मानतात. म्हणजे गेणभाऊ अध्यक्ष झाला की पत्र बुडालं, आणि पत्राबरोबर विहीर.

सभा आळेफाट्याला एका हॉटेलच्या माडीवर होती. खाली ट्रकचे हॉर्न आणि वर सव्वीस टोप्या. मी अर्धा तास बोललो. खडकाचे थर सांगितले, भेगा सांगितल्या, फळ्यावर विहीर काढली, बोअर काढली. “नारळाने पाणी सापडत नाही,” असंही म्हणालो. तसं म्हणायची काही गरज नव्हती, पण माझी जीभ अशा वेळी माझ्या ताब्यात नसते.

कुशाबा उठला. “सर, येकच विचारतो. तुमच्या कळंबच्या घरची बोअर कुणी दावली?”

तीन वर्षांपूर्वी घर बांधलं तेव्हा मी स्वतः मशीन लावून जागा काढली होती. दोनशे फूट गेलो, नुसता फुफाटा उडाला. बायको आरती म्हणाली, “जगाला पाणी दाखवता, आणि मी घागर घेऊन शेजारी जाऊ?” तेव्हा मी गुपचूप गेणभाऊला बोलावलं. त्याने नारळ धरला, परसात दोन फेऱ्या मारल्या, एका जागी उभा राहिला. एकशेचाळीस फुटांवर पाणी लागलं. तो योगायोग होता. खडकातली भेग कोणालाही लागू शकते. पण लागली त्याला, हे खरं होतं.

सगळी माडी माझ्या तोंडाकडे बघत होती.

“मशीनने,” मी म्हणालो.

गेणभाऊने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. हात वर झाले. मला चार, त्याला पंचवीस. गेणभाऊने स्वतःला मतच दिलं नव्हतं. नौशादने निकाल वहीत लिहिला आणि मला हळूच म्हणाला, “पदवी लिही म्हटलं होतं मी.” त्याला तिथेच माडीवरून ढकलावंसं मला वाटलं.

सोमवारी पत्र टाइप करून मी गेणभाऊच्या घरी गेलो. तो काही सही करणार नाही हे पक्कं होतं, तरी गेलो. त्याने चहा मागवला, चष्मा लावून पत्र सगळं वाचलं.

“सर, कुशाबाला त्यो सवाल मीच विचाराय सांगितला व्हता.”

“का?”

“तुमी माझं नाव घेतलं असतं, तर सव्वीसच्या सव्वीस हात तुमालाच व्हते. ठरलंच व्हतं आमचं. मला खुर्ची काय करायची? आमाला येवढंच तुमच्या तोंडून ऐकायचं व्हतं.”

राग आला होता, आणि तो कोणावर काढावा हेही कळत नव्हतं. एक शब्द! तीन वर्षं लपवलेला एक फालतू शब्द, आणि त्यापायी चाळीस घरांचं पाणी मी हातानं सांडलं होतं.

“मग विहिरीचं काय?” मी विचारलं.

गेणभाऊने चहा बशीत ओतला. “त्या विहिरीचं पाणी मी बी पेलोय,” तो म्हणाला. “सही करतो. पर तुमचं विंग्रजाळलेलं काय नको. साधं दोन वळीत लिवा. पयली वळ, गेणभाऊनं वस्तीवर दिलेला पॉइंट चुकला, त्यानं हीर आटंल. दुसरी वळ, सरांच्या घरचा पॉइंट गेणभाऊनं दिला. दोनी खरं हाय. खाली मी सही करतो, तुमी बी करा.”

“दुसऱ्या ओळीचा त्या विहिरीशी काय संबंध?”

“माझं जातंय ना, सर? उद्यापासनं माझा नारळ कोन बोलवंल? तुमचं बी थोडं जाऊ द्या.”

मी लिहिलं. दुसरी ओळ लिहायला पहिलीपेक्षा दुप्पट वेळ लागला. सह्या झाल्या, शिक्का बसला.

साहेबांनी मंगळवारी पत्र वाचलं, दुसऱ्या ओळीला थांबले, हसले, आणि शिपायाला बोलावून त्यालाही वाचून दाखवलं. बोअर मात्र थांबवली. गाडी बुधवारी वस्तीच्या तोंडावरून परत गेली. त्यानंतर महिनाभर मला पाण्याच्या तपासणीला एकानेही बोलावलं नाही. मंचरच्या बाजारात तर एकाने मला नारळ दाखवून डोळा मारला.

त्याच आठवड्यात शुक्रवारी आत्याकडे गेलो. वस्तीवरच्या बायकांनी गेणभाऊला पाटावर बसवून ओवाळलं होतं. मी रहाटाजवळ उभा राहिलो. आत्याने मला विहिरीचं गार पाणी तांब्याभर दिलं आणि मी ते गटागट प्यालो.

“व्हय रं अम्रता,” ती म्हणाली, “तुज्या घरचं पानी गेणभाऊनं दिलं. माज्या घरचं बी त्यानंच राखलं. मंग तू येवढं शिकून करतूस तरी काय?”

मी रिकामा तांब्या तिच्या हातात दिला.