काउंटरच्या अलीकडचे स्टूल

मित्रांनो, मी एक जुने लाकडी स्टूल आहे. सुताराने मला एका कापडाच्या दुकानासाठी घडवले. काउंटरच्या अलीकडे गिऱ्हाइकांनी माझ्यावर टेकायचे आणि पलीकडे विक्रेत्या बायकांनी दुकान बंद होईपर्यंत उभे राहायचे, असा तिथला शिरस्ता होता. दुकानात चिटपाखरू नसले तरी त्यांनी बसायचे नाही. बसलेली बाई मालकांना आळशी वाटे.

एके दुपारी कायद्याच्या महाविद्यालयात कामगार कायदा शिकवणाऱ्या प्राध्यापक मॅडम पडद्याचे कापड घ्यायला आल्या. समोरच्या विक्रेतीचे दिवस भरत आले होते. तागे उतरवताना तिला धाप लागली. मॅडम माझ्यावरून उठल्या.

"अगं, आधी बस बघू."

"नको हो मॅडम, मालक ओरडतील."

"मी सांगते त्यांना. तू बस."

ती बिचारी बसली. मालकांनी गल्ल्यावरून पाहिले मात्र, आणि ते गरजले, "बसायचंच असेल तर घरी बस. कायमची!"

मॅडमनी परोपरीने समजावले, पण व्यर्थ. तिची नोकरी गेली आणि माझी रवानगी माळ्यावर झाली.

आपल्या चांगुलपणापायी एकीच्या पोटावर पाय आला, हे मॅडमच्या मनाला फार लागले. त्यांनी याच विषयाचा अभ्यास हाती घेतला. सहकारी हसले, "बसण्यावर कसलं आलंय संशोधन?" मॅडम मात्र पहारेकऱ्यांना भेटल्या, लिफ्टवाल्यांना भेटल्या, डॉक्टरांना विचारून आल्या, देशोदेशीचे कायदे त्यांनी वाचून काढले. त्यांच्या लेखाचे म्हणणे साधे होते: हातात काम नसताना बसायला मिळणे ही मेहेरबानी नव्हे, तो हक्क आहे.

तो लेख घेऊन त्या विक्रेतीच्या बाजूने कामगार न्यायालयात उभ्या राहिल्या. न्यायालयाच्या हुकमाने मलाही पुरावा म्हणून खाली आणले गेले. मालकांची उलटतपासणी लांबली. त्यांनी या पायावरचा भार त्या पायावर घेतला, कठड्याला टेकून पाहिले आणि शेवटी म्हणाले, "साहेब, जरा बसू का? पाय भरून आलेत हो."

सगळीकडे खसखस पिकली. मॅडम मात्र हसल्या नाहीत. न्यायाधीशांच्या परवानगीने त्यांनी मला उचलून मालकांपाशी ठेवले.

"बसा. हे असं मागावं लागू नये, एवढंच आमचं म्हणणं आहे."

मालक बसले.

निकाल लागला तेव्हा विक्रेतीच्या कडेवर दोन वर्षांची लेक होती. नोकरी परत मिळाली हे ऐकताच ती मटकन बाकावर बसली आणि रडता रडता हसू लागली. मॅडमनी असा काही सुस्कारा सोडला, की माझ्याही चारही पायांवरचा भार उतरला! पुढे कायदा बदलला, त्यात मॅडमच्या लेखातली वाक्ये जशीच्या तशी आली. दुकानोदुकानी काउंटरच्या पलीकडे स्टुले दिसू लागली.

खटल्यानंतर मॅडमनी मला मालकांकडून मागून घेतले. आता त्या निवृत्त झाल्या आहेत आणि मी त्यांच्या जुन्या वर्गात असते. मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसलीत तर बरे वाटेल, नाही पुसलीत तरी राग नाही. पण दुकानात गेलात की काउंटरच्या मागे जरा डोकावा. तिथे माझे एखादे भावंड दिसले नाही, तर मालकांना विचारा. गोड आवाजात विचारा, पण विचाराच.