पदराआडची ओळख

अभिमन आबांना धुळ्याच्या दवाखान्यातून घरी आणलं, तेव्हा त्यांच्या बायकोनं, मंजुळाबाईंनी, दारातच भाकरतुकडा ओवाळून टाकला. मेंदूत रक्ताची बारीक गुठळी झाली होती. ती विरघळली, हात-पाय शाबूत राहिले, वाचा राहिली. देवानं राखलं, असं सगळं गाव म्हणालं. आबांनी मुलाला, ललितला, हाक मारली. सुनेला, दिपमालाला, पाणी मागितलं. गोठ्यातल्या म्हशीलासुद्धा नावानं ओळखलं. मग त्यांनी मंजुळाबाईंकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि परक्या बाईशी बोलावं तशा अदबीनं विचारलं,

"तू कोन शे वं? ललितनी माय कोठे शे?"

आधी सगळे हसले. आबांना थट्टेची खोड होतीच. पण आबा हसले नाहीत.

"दिखस तू तिनासारखीच," ते म्हणाले. "नाक तेच, गोंदन तेच. पन तू ती नही."

त्या दिवसापासून त्यांनी मंजुळाबाईंच्या हातचं पाणीही घेतलं नाही. ताट दिपमालानं वाढायचं. मंजुळाबाई समोर आल्या, की आबा पाय आखडून बसत. लग्नाच्या बायकोच्या माघारी घरात दुसरी बाई वावरते, याची त्यांनाच लाज वाटे.

धुळ्याच्या डॉक्टरांनी ललितला समजावून सांगितलं. असं क्वचित होतं. डोळे चेहरा बरोबर ओळखतात, पण आपलं माणूस दिसल्यावर आत जे हलतं, ते हलत नाही. मग मन म्हणतं, हे सोंग आहे. हळूहळू उतरेल, कदाचित राहीलही. मंजुळाबाईंनी ते ऐकलं. जन्मभर त्यांना वाटत आलं होतं, की माणूस डोळ्यांनी ओळखतो. म्हणजे डोळ्यांच्या मागेही कुणीतरी बसलेलं असतं, आणि त्यानं मान हलवल्याशिवाय डोळ्यांचं काही खरं नसतं!

आणखी एक नवल होतं. आबा त्यांच्याजवळच त्यांची आठवण काढत.

"ललितनी माय भाकर करस ना," एकदा ते म्हणाले, "तिना पापुद्रा काढस, मजार तेल-तिखट भरस, मंग माले देस. आनी कोनले नही. पोरेसलेबी नही."

मंजुळाबाई खांबाला धरून उभ्या होत्या. इतक्या वर्षांच्या संसारात या माणसानं भाकरीला कधी बरी म्हटलं नव्हतं. आता म्हणत होता, तर त्यांना ऐकावं लागत होतं ते परकी बाई म्हणून. सवतीचं कौतुक ऐकावं तसं त्यांनी स्वतःचं कौतुक ऐकलं, आणि आत जाऊन तोंडात पदराचा बोळा कोंबून रडल्या.

एका दुपारी त्यांनी स्वयंपाकघरातून हाक दिली, "दिपमाला, गच्चीवरच्या मिरच्या उलथ गं!"

बाहेरच्या ओट्यावरून आबांचा आवाज आला, "उनी का वं तू?"

'आलीस का' विचारणारा तो आवाज जुना होता. मंजुळाबाई पिठाच्या हातांनी धावत बाहेर आल्या. आबांच्या चेहऱ्यावरचा उजेड त्यांनी डोळ्यांनी पाहिला; आणि आबांची नजर त्यांच्यावर पडताच तो मावळलेलाही पाहिला.

"तू नही," आबा म्हणाले.

"आई, तुम्ही आतूनच बोलत जा, आकाशवाणीसारख्या," दिपमाला हसवायला म्हणाली, आणि तिचेच डोळे भरून आले.

पुढच्या आठवड्यात आबांनी सकाळीच धोतर बदललं, टोपी घातली, काठी घेतली. ललित मिरची घेऊन दोंडाईच्याच्या बाजारात गेलेला.

"आबा, कुठं निघालात?" दिपमालानं विचारलं.

"टेशनवर. ललितनी माय रुसीसन माहेरले गयी व्हई. तिले लेवाले जास."

मंजुळाबाईंचं माहेर अमळनेरकडचं. तिथल्या घरात आता कुणी उरलं नव्हतं. दाराला कुलूप होतं. आबांचे पाय अजून लटपटत होते, वर ऊन मी म्हणत होतं, आणि मधे रेल्वेचे रूळ होते. मंजुळाबाई दारात आडव्या झाल्या.

"जाऊ नका. मी आठेच शे ना!"

"बाई, सरक," आबा म्हणाले. "तू कोनी का असेना, माले आडवू नको."

त्यांनी काठी उचलली. आयुष्यात कधी बाईमाणसावर उचलली नव्हती. तेवढ्यात अंगणाच्या फाटकातून खाकरण्याचा आवाज आला. निंबा नाना, आबांचे थोरले भाऊ, विचारपूस करायला आले होते.

मोठ्या दिरासमोर तोंड उघडं ठेवायचं नाही, ही या घरातली जुनी रीत. सून आली तेव्हा मंजुळाबाईंनीच ती मोडली. दिपमालाला पहिल्या दिवशी सांगितलं, "माझ्या घरात तोंड झाकायचं नाही, पोरी." पण स्वतःच्या हाताला लागलेली सवय थोडीच जाते? नानांचा खाकरा ऐकला, आणि हात आपोआप वर गेला. पदर हनुवटीपर्यंत खाली आला. पदराआडूनच त्या म्हणाल्या,

"इतल्या उन्हात कोठे चालनात तुम्ही?"

आबांची काठी खाली आली.

"उनी का वं तू?" ते म्हणाले. "कोठे व्हती इतला दिन?"

आनंदानं मंजुळाबाईंनी पदर सारायला हात घातला, तोच दिपमालानं मागून मनगट घट्ट धरलं. "आई, नको! राहू दे!"

पदर राहिला. आणि त्यामागे मंजुळाबाईंना लख्ख आठवलं. लग्नानंतरची पहिली दोन वर्षं सासू-सासरे सतत घरात. नवऱ्यानं त्यांचा चेहरा उजेडात पाहिलाच नव्हता. बांगड्यांवरून, तांब्या ठेवण्याच्या आवाजावरून, दबक्या बोलण्यावरून ओळखायचा. सासरे गेल्यावर एकदा शेतात त्यांनी पदर मागे टाकला, तेव्हा हा लाजून म्हणाला होता, "अशी दिखस व्हय तू!" चेहऱ्याची ओळख नंतरची. ही पदराआडची, तिच्याही आधीची. ती आत कुठंतरी जपून राहिली होती.

"आठेच व्हतू," त्या म्हणाल्या. "बसा. भाकर टाकते."

नाना गोंधळून बाजेवर टेकले. मंजुळाबाईंनी पदराआडूनच ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी थापली, पापुद्रा काढला, तेल-तिखट भरलं. आबा त्यांच्या हातून घेऊन जेवले, पोटभर जेवले. मग हात धुताना हळूच म्हणाले,

"तुले एक सांगू? तू नव्हती तं एक बाई उनी व्हती घरमा. तुनासारखीच दिखे. वाईट नही बिचारी. मी तिले लई बोलनू. ती रडे, जेवेबी नही. तिले वाढ काहीतरी."

"वाढते," मंजुळाबाई म्हणाल्या.

त्या आत गेल्या, चुलीपाशी बसल्या आणि पदर मागे सारला. तव्यावर शेवटची भाकरी फुगत होती. त्यांनी तिचा पापुद्रा काढला, तेल-तिखट भरलं, आणि स्वतःसमोर ताट मांडलं.