दीडशे ग्रेनची गोळी

आमच्या घरात काडतुसं विकत आणत नाहीत. बाबा ती शेडमध्ये स्वतः भरतात आणि एल्कच्या, म्हणजे इथल्या धिप्पाड हरणाच्या, शिकारीचा हंगाम उघडायच्या आदल्या संध्याकाळी ज्याची त्याला मूठभर देतात. शिकार झाली की उरलेली मोजून परत घेतात, झाडलेल्याची पितळी पुंगळीसुद्धा. पुढच्या वर्षी तीच पुन्हा भरायची. आजोबाही असंच करायचे. सॅमन नदीच्या या खोऱ्यात चर्चमध्ये घोरलेलं चालतं, पण बाबांच्या, म्हणजे लोवेलच्या, पोरानं दुकानातलं काडतूस झाडलं तर गावभर चर्चा होईल.

बाबांच्या गोळ्या शिशाच्या. आणि माझ्या बायकोच्या, शेल्बीच्या, रक्तात शिसं निघालं. सातवा महिना चालू होता.

नर्सनं विचारलं, "घराला जुना रंग आहे? जुने नळ?"

"फ्रीझर आहे," शेल्बी म्हणाली.

एल्कशिवाय दुसरं मांस आम्ही क्वचितच खातो. शिशाची गोळी हाडावर आपटली की तिचा चुरा होतो, डोळ्याला दिसणार नाही इतका बारीक, आणि तो मांसात पसरतो. तांब्याची गोळी तोंडाशी उमलते, पण तिचा चुरा होत नाही. शेल्बीनं त्या दिवसापासून फ्रीझरला हात लावला नाही. मग एका सकाळी शांतपणे सांगितलं, "या वर्षीचं जनावर तांब्यानं पडलं नाही, तर मी पोकाटेलोला ताईकडे जाणार. बाळ तिथंच होईल आणि तिथंच वाढेल." ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं.

मी बाबांपुढे विषय काढला. म्हणजे शेल्बीनं काढला, मी पावाला लोणी लावत बसलो.

"तांबं नळाला लावतात पोरी, एल्कला नाही," बाबा म्हणाले. "गॅरेटची आई हेच खाऊन बाळंत झाली. हा बघ, समोर बसलाय ठणठणीत."

"त्याच्याकडे बघूनच भीती वाटते, लोवेल."

मला हसू आलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, तसं मी ते गिळलं. माझा स्वभावच तसा. जो समोर असेल त्याचं मला पटतं. नंतर गोठ्यात बाबांना म्हणालो, "तुमचंच बरोबर आहे, ती जरा हळवी झालीये." मागच्या बाजूच्या आमच्या घरात येऊन शेल्बीला म्हणालो, "तुझंच बरोबर आहे, बाबा ऐकतील हळूहळू." दोघंही माझ्यावर खूश होते. असा नवरा आणि असा मुलगा शोधून सापडणार नाही!

गावातल्या दुकानात मी एकशेऐंशी ग्रेन वजनाच्या तांब्याच्या गोळीच्या काडतुसांची पेटी उचलली. शेल्बीनं ती हातातून काढून परत फळीवर ठेवली.

"बाबा एकशेऐंशीच वापरतात," मी म्हणालो.

"ते शिसं आहे. तांबं हलकं असतं. तेवढंच वजन हवं म्हटलं की गोळी लांबुळकी होते. आपल्या जुन्या बंदुकीत तिला पुरती फिरकी मिळायची नाही, ती भरकटेल. शिवाय ती हळू जाणार, आणि लांबवर हळू पोचली की उमलणार नाही. बारीक भोक पाडून जाईल आणि जनावर डोंगरापलीकडे जाऊन तडफडेल. दीडशेची घे. वेगात जाईल, नीट उमलेल."

"एवढ्या धिप्पाड जनावराला एवढीशी गोळी?"

"बघ, बाबांच्या आवाजात बोलायला लागलास."

दुकानदार छताकडे बघत होता. मी दीडशेची पेटी घेतली. खडीच्या खाणीत जाऊन आम्ही चार-पाच झाडून पाहिल्या. बाबांच्या गोळीपेक्षा जराशा वर लागत होत्या, पण एकाच जागी. शेल्बी कागदावरच्या भोकांवर बोट ठेवून लहान मुलासारखी हसली. मला तिच्यावर फार प्रेम आलं, आणि फार भीतीही वाटली.

शिकारीच्या सकाळी एका खिशात बाबांची काडतुसं होती, दुसऱ्या खिशात तिची. बाबा सावलीसारखे सोबत होते. ते बुटाची नाडी बांधायला वाकले, तेवढ्यात मी बंदुकीत तांबं सरकवलं. चोरी करायला निघाल्यासारखं वाटलं.

पाइनच्या झाडीतून नर बाहेर आला, शिंगं मागे टाकून. मी नेम जरा खाली धरला. तो जागेवरच बसला आणि उठला नाही.

"वा रे पठ्ठ्या!" बाबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. आई गेल्यापासून त्यांनी मला हात लावला नव्हता. मग त्यांनी जनावराच्या पलीकडच्या कातड्याखाली गोळी चाचपली. तिथं भोक होतं. "आरपार? माझी गोळी सहसा आत राहते."

"जवळून मारलं ना," मी म्हणालो.

त्यांना ते पटलं, कारण त्यांना ते पटवून घ्यायचं होतं. "पुंगळी दे."

आठवड्यापूर्वी त्यांनी सरावाला दिलेली काडतुसं झाडली होती, त्यातली एक पुंगळी जाकिटात राहून गेली होती. ती दिली. ते मांस वाहायला खेचरं आणायला गेले, तशी मी तांब्याची उरलेली काडतुसं आणि आत्ता झाडलेल्याची पुंगळी ओढ्यात फेकली. हिशोब जुळावा म्हणून बाबांचंही एक भरलेलं काडतूस फेकलं. शेल्बीला घरी हळूच सांगायचं, की झालं. कुणी दुखावणार नव्हतं. मी स्वतःवर बेहद्द खूश होतो.

पण हळूच सांगायला सवडच मिळाली नाही. पहिल्या संध्याकाळी एल्कचं काळीज कांद्यावर परततात आणि सगळे एका टेबलाशी बसतात. बसल्या बसल्या बाबा म्हणाले, "माझी गोळी, शेल्बी. एकच. जागच्या जागी!"

तिचा काटा हवेतच राहिला. मी तिला डोळ्यानं खुणावलं. तिनं माझ्या खुणेकडे लक्ष दिलं नाही.

"गॅरेट, कुठली गोळी?"

दोघंही माझ्याकडे बघत होते. दोघं एकदम बघत असले, की मला कुठलाच चेहरा घेता येत नाही.

"तांब्याची," मी म्हणालो. "दीडशेची."

बाबा चिडले नाहीत. त्यांनी सदऱ्याच्या खिशातून पुंगळी काढून टेबलावर ठेवली. तिच्या बुडावर त्यांनी कोरलेली खूण होती. "मग ही काय?"

मी सगळं सांगितलं. जुनी पुंगळी, ओढा, बाबांचं फेकलेलं काडतूस. सांगता सांगता मलाच ते थापा मारल्यासारखं वाटायला लागलं.

"ओढ्यात," बाबा म्हणाले. "बरं. बायकोला खूश करायला बापाची गोळी नाकारतोस होय? आणि ती हळवी झालीये, असं मला तूच सांगत होतास ना?"

शेल्बीनं काटा ताटात ठेवला.

"शेल्बी, शपथ घेऊन सांगतो. मांस तपासून घे हवं तर."

"मांस तपासता येईल, गॅरेट," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "तुला कुठं नेऊन तपासू?"

ती उठून मागच्या घरात गेली. कपाटाची दारं आपटल्याचे आवाज येत होते. मी उठणार, तोच बाबांनी ताट माझ्याकडे सरकवलं. "बस. जाऊ दे, दोन दिवसांत येईल. खा."

आणि मी खाल्लं. बाहेर तिची गाडी सुरू झाली, फाटकाशी थोडी थांबली आणि गेली. काळीज चांगलं शिजलं होतं. त्यात शिशाचा कणही नव्हता, तिला पोटभर खाता आलं असतं.