पाळीवरचा बाक

मित्रांनो, सौंदडच्या तळ्याच्या पाळीवर गंजक्या पायांचा एक बाक दिसतो ना, तो मी. येणाऱ्याजाणाऱ्याला विसावा देतो, पण माझा स्वतःचा जीव काही थाऱ्यावर नसतो.

साल २००३. गोंदियाहून मी पोत्यात आलो. पाय वेगळे, फळ्या वेगळ्या, नटबोल्ट खुळखुळत. मला मागितलं होतं गंगाबाईनं. धानाच्या रोवणीत वाकून वाकून तिचे गुडघे कामातून गेले होते. शेताच्या बांधीतून पाळ चढून आली की घडीभर टेकायला तिला जागा हवी होती. तिचे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ पुनाराम, पंचायतीत होते. त्यांनी मला आणलं, पाना घेऊन स्वतः जोडलं आणि पहिले तेच बसले.

"वा, पुनारामभाऊ! कचेरीच उघडली का?" लोक म्हणाले.

रोज संध्याकाळी ते माझ्यावर. गंगा यायची, पदर ओढायची आणि बाजूला मातीत बसायची. माझी अर्धी फळी रिकामी, आणि ती खाली! माझे नट आतल्या आत कुरकुरायचे.

पुनारामांची लेक राखी एकदा तिच्या कानाशी चिडली, "काकी, वरते बसा ना. बाक तर तुमीच मांगला!"

"भासरे बसून राहिले ना वं. बराबरीनं कशी बसू?"

"मंग बाबाले सांगू का, उठा म्हणून?"

"चूप राय!"

एक दिवस गंगाला उठताच येईना. गुडघा अडकला. पाळीवर दुसरं कोणी नव्हतं. पुनाराम धावले, हात पुढं केला, आणि तो तिथंच थबकला. भासऱ्यानं भावजयीला शिवायचं नसतं. ती मातीत कण्हतेय, त्यांचा हात अधांतरी, आणि मी जमिनीत खिळलेला. शेवटी त्यांनी खाली शेतात असलेल्या राखीला हाक मारली. आवाज फाटला होता.

दुसऱ्या दिवशी ते पाना घेऊन आले. माझे बोल्ट सुटू लागले तसा मी धसकलो. राखीही ओरडली, "बाबा, काऊन खोलून राहिले? चांगला तर होता!"

"कोनासाठी चांगला?"

त्यांनी मोडक्या बैलबंडीच्या फळ्या मला मागच्या बाजूनं जोडल्या, खाली ठोकळे दिले आणि माझी पाठ उचलून मधोमध बसवली, दोन्हीकडून बसता येईल अशी. संध्याकाळी ते तळ्याकडं तोंड करून बसले आणि मोठ्यानं खाकरले. गंगा बराच वेळ उभी राहिली. मग शेताकडं तोंड करून, अलगद, बसली.

"औंदा धान बरा दिसते," ते तळ्याला म्हणाले.

"हो ना," ती धानाला म्हणाली.

पुनाराम जाऊन आता तीन पावसाळे झाले. नवी पोरं म्हणतात, ही पाठ चुकीची बसली, सरळ करू. म्हणून पाना खणखणला की माझ्या फळ्या थरथरतात. मित्रांनो, मला दुरुस्त करायला खुशाल या. गंज खरवडा, रंग द्या. पण आधी संध्याकाळपर्यंत थांबा. गंगाबाई येईल. तळ्याकडची बाजू मोकळी असूनही ती शेताकडंच बसेल, माझ्या पाठीला टेकेल आणि मागं न वळता, धान कसा आहे ते सांगेल.