पंधराचे सोळा सांगणारा ताणकाटा

मित्रांनो, मी एक जुना ताणकाटा आहे. वर कडी, खाली आकडा, पोटात एक स्प्रिंग आणि छातीवर किलोच्या खुणांची पितळी पट्टी, एवढाच माझा संसार. आकड्याला ओझं टांगलं की माझा काटा खाली सरकतो. जन्मभर मी हेच काम केलं आणि मला त्याचा कधी कंटाळा आला नाही.

मला जाण आली ती एका मालवाहू जहाजाच्या इंजिनरूममध्ये. तिथे चीफ इंजिनिअर शामकांत माझ्यावर नटबोल्टांच्या पिशव्या तोलायचे. जहाज भंगारात निघालं तेव्हा त्यांनी रीतसर परवानगी काढून मला सोबत आणलं. समुद्रावरची नोकरी सोडून ते सिंगापूरच्या एका शिपिंग कंपनीत लागले होते. तिथल्या ईस्ट कोस्ट भागात एका लहानशा बैठ्या घरात ते आणि त्यांच्या पत्नी रत्नाताई भाड्याने राहत. त्या घराच्या अंगणात, एका लोखंडी दांडीला मी लटकू लागलो.

अंगणात शामकांतांचा एक उद्योग चाले. रविवारी सकाळी ते मोठ्या गॅसच्या शेगडीवर वीस लिटर सातूचं पाणी तासभर उकळत, त्यात हॉप्सची कडू फुलं टाकत आणि घरच्या घरी बिअर करत. छोट्या मित्रांनी इथे नुसतं उकळण्याकडे लक्ष द्यावं. मध्येच गॅस संपला तर सकाळभराची मेहनत वाया. म्हणून ते सिलिंडर आधी माझ्यावर टांगत आणि काम आटोपल्यावर पुन्हा टांगत. प्रत्येक सिलिंडरच्या गळ्याशी त्याचं रिकामं वजन कोरलेलं असतं. ते वजा केलं की आतला गॅस कळतो. वारा पडलेला असला तर एका खेपेला सव्वा किलो पुरे, समुद्राकडून वारा सुटला की दीड किलो. हा हिशेब त्यांनी माझ्याच जिवावर बसवला होता आणि मी त्यांना एकदाही तोंडघशी पाडलं नव्हतं.

शेजारचे लिम अंकल कुंपणाच्या फटीतून स्टूल घेऊन येत आणि शेगडीपाशी बसून राहत. त्यांची बायको वारली होती आणि मुलगा कॅनडात होता. शामकांतांनाही मूलबाळ नव्हतं. दोघे फारसं बोलत नसत, पण एकाही रविवारी ते स्टूल रिकामं राहिलं नाही.

पुढे घरात आकडे चमकवणारा डिजिटल काटा आला आणि माझी रवानगी अडगळीच्या कपाटात झाली. चार वर्षं मी तिथे खारी हवा खात पडून होतो. मला राग आला होता, खोटं कशाला सांगू?

मग शामकांतांची नोकरी संपली. सहा आठवड्यांत घर सोडून पुण्याला परतायचं ठरलं. ते कळल्यावर लिम अंकल इतकंच म्हणाले, "माय एटिएथ बर्थडे, यू मेक वन लास्ट टाइम, कॅन?"

"कॅन, अंकल," शामकांतांनी तिथल्याच बोलीत होकार दिला.

वाढदिवस पाच आठवड्यांवर होता आणि बिअर मुरायला चार आठवडे हवेत. म्हणजे येत्या रविवारी उकळलं तरच शब्द पाळला जाणार होता. नेमका तो चिनी नववर्षाचा दुसरा दिवस. गॅसवाल्याचं दुकान चार दिवस बंद आणि दोन्ही घरांत दुसरा भरलेला सिलिंडर नाही. त्यात डिजिटल काट्यावर आदल्या खेपेला गोड पाणी सांडलं होतं, त्याने डोळे मिटले ते मिटलेच. शामकांतांनी मला कपाटातून काढून पुसलं. मी आनंदाने फुगलो. सिलिंडर टांगल्यावर काटा पंधरा किलो सहाशेवर थांबला. रिकामं वजन तेरा चारशे. म्हणजे गॅस दोन किलो दोनशे.

"वारा असला तरी पुरून उरेल," शामकांत म्हणाले.

सिलिंडर उतरवायला रत्नाताईंनी हात लावला होता. त्या थबकल्या. "अहो, हा हाताला हलका लागतोय."

"माझ्या जहाजावरचा काटा आहे तो, रत्ना."

"असू दे की. तांदूळ टांगून बघू."

मित्रांनो, ज्या माणसाने जहाजावर कुठलंही मापक तपासल्याशिवाय वापरू दिलं नाही, त्याने मला मात्र डोळे झाकून खरं मानलं होतं. रत्नाताईंनी पाच-पाच किलोच्या तीन न फोडलेल्या पिशव्या एका चादरीत बांधून मला लावल्या. मी सोळा दाखवले. रिकामा असताना मी शून्यावर साळसूद उभा राहतो. ओझं आलं की माझी थकलेली स्प्रिंग थापा मारते. गॅस होता फक्त बारा-तेराशे ग्रॅम, आणि बाहेर वारा सुटला होता. मला लाजेने मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात लिम अंकल नववर्षाच्या रिवाजाप्रमाणे दोन संत्री घेऊन आले. त्यांना सगळं सांगताना शामकांतांची मान खाली होती. "वीस लिटरला पुरणार नाही, अंकल. आय ॲम सॉरी."

अंकलनी पातेल्यात डोकावून पाहिलं. "हाफ पॉट ऑल्सो कॅन, लाह. वी ओन्ली टू ओल्ड मेन."

मग दहाच लिटर चढवलं. वाऱ्याच्या बाजूला रत्नाताईंनी पत्र्याचे ट्रे उभे केले. तास भरला तोवर ज्योत वाऱ्याने कैकदा वाकली होती, पण विझली नाही. वाढदिवसाला अठ्ठावीस बाटल्या निघाल्या. पहिली बाटली दोघांनी मिळून संपवली आणि दोघेही रडले.

भंगारात मला कोणी टाकलं नाही, याचं मला फार अप्रूप वाटतं. निघताना शामकांतांनी मला अंकलच्या हाती दिलं. आता त्यांच्या स्वयंपाकाचा सिलिंडर मी तोलतो.

मित्रांनो, जुनी वस्तू किंवा जुनं माणूस चुकलं की लगेच मोडीत काढू नका. किती चुकतं तेवढं बघून घ्या, म्हणजे पुढे त्याच्याशी जमतं. लिम अंकलना माझी चूक केव्हाच पाठ झाली आहे. तरी दर रविवारी ते मला सिलिंडर लावतात, पुण्याला फोन करतात आणि माझा आकडा वाचून विचारतात, "शाम, मायनस हाऊ मच?"

"वन, अंकल," तिकडून उत्तर येतं, आणि मग तासभर फोन खाली ठेवला जात नाही.